पडद्यावरचं तळं: कनूच्या सहलीसाठी जीपीएसमध्ये नकाशा कसा भरावा

१. उपग्रह नकाशा पाठवत नाहीत

“नवा कोरा जीपीएस घेतला, तळ्याकाठी जाऊन चालू केला, तर पडद्यावर एक बाण आणि भोवती फिकट रंगाचं रिकामं मैदान. समोर एवढं मोठं तळं पसरलंय आणि यंत्राला त्याचा पत्ताच नाही. उपग्रह मिळत नव्हते का?”

जंगलातल्या तळ्यांवर कनू ही वल्ह्यांची हलकी होडी घेऊन जायला निघालेला नवखा माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. उपग्रह मिळत होते, बाण दाखवला तो त्यांच्याच जोरावर. पण उपग्रहांकडून नकाशा येतो ही समजूतच चुकीची आहे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि अखंड दोनच गोष्टी सांगत असतात: आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे. हा संदेश आपल्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला, यावरून हातातलं यंत्र त्या उपग्रहाचं अंतर काढतं. निदान चार उपग्रहांची अंतरं मिळाली की अक्षांश, रेखांश आणि उंची हे आकडे तयार होतात. आकाशातून येणारा माल इथे संपला. त्या आकड्यांच्या जागी तळं आहे की डोंगर, हे यंत्राच्या पोटात आधीपासून भरलेल्या नकाशावरून ठरतं.

मनगटावरचं घड्याळ पाच वाजले हे बिनचूक सांगेल, पण पाचची एसटी कुठल्या फलाटावरून सुटते ते वेळापत्रकातच पाहावं लागतं. जीपीएस आणि नकाशा यांचं नातं तसंच आहे.

यंत्रासोबत कारखान्यातून जो नकाशा येतो त्याला बेसमॅप म्हणतात. त्यात देशांच्या सीमा, मोठी शहरं, महामार्ग आणि समुद्रासारखी तळी असतात. लेक सुपीरियर दिसेल, पण तुम्ही ज्या दोन किलोमीटर लांबीच्या तळ्यावर उभे आहात ते दिसेलच असं नाही. तपशिलाचा नकाशा आपण शोधायचा आणि आपणच भरायचा. काही महागड्या मॉडेलांत तो आधीच भरलेला असतो, पण कनूवाल्याच्या कामाचा असतो का, हे पुढे पाहू.

२. कनूवाल्याला नकाशात काय लागतं?

उदाहरण म्हणून कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातलं अल्गोन्क्विन उद्यान घेऊ. टोरांटोहून गाडीने तीन-साडेतीन तासांवर असल्यामुळे तिथल्या बऱ्याच मराठी मंडळींनीही ते पाहिलेलं असतं, निदान उद्यानातून जाणाऱ्या महामार्ग ६० वरून जाताना. १८९३ साली स्थापन झालेलं हे उद्यान ७,६०० चौरस किलोमीटरहून मोठं आहे. आत दोन हजारांवर तळी आहेत आणि महामार्गाचा पट्टा सोडला की मोबाइलला रेंज मिळण्याची आशा धरू नये.

इथला प्रवास असा चालतो: एक तळं वल्हवत पार करायचं, काठाला लागायचं, कनू डोक्यावर उलटी घ्यायची, सामान पाठीवर टाकायचं आणि झाडीतल्या पायवाटेनं पुढच्या तळ्यापर्यंत चालत जायचं. या पायवाटेला पोर्टेज म्हणतात. कधी ती दोन तळ्यांना जोडते, तर कधी धबधब्याला किंवा खळाळत्या उताराला वळसा घालते. सगळा मार्ग पोर्टेजवर बेतलेला असतो.

म्हणून नकाशा पारखताना माझी पहिली कसोटी एकच: त्यात पोर्टेज आहेत का? पायी भटकणाऱ्यांसाठी बनवलेले सुंदर, समोच्च रेषांनी भरलेले नकाशे या कसोटीला सर्रास नापास होतात. त्यांना डोंगराचा चढ महत्त्वाचा वाटतो आणि तळं म्हणजे निळा डाग. कनूवाल्याला त्या निळ्या डागाच्या कडेवर नेमकं कुठे उतरायचं ते हवं असतं. दाट झाडी पाण्यापर्यंत आलेली असते आणि पोर्टेजचं तोंड शंभर मीटरवरूनही ओळखू येत नाही.

अल्गोन्क्विनमध्ये त्यासाठी पिवळ्या पाट्या लावलेल्या आहेत. पण अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सीमेला लागून बाउंडरी वॉटर्स हे तळ्यांचं अरण्य आहे. तिथे पोर्टेजवर पाट्याच नाहीत. अरण्य अरण्यासारखंच राहावं हे तिथलं धोरण आहे. अशा ठिकाणी नकाशात पोर्टेज नसेल तर जीपीएस म्हणजे महागडी बॅटरी.

पोर्टेजची लांबीही नकाशात हवी. समजा, ती १,००० मीटर आहे आणि सगळं सामान एका खेपेत जात नाही. मग कनू घेऊन एकदा जायचं, रिकाम्या हातांनी परत यायचं आणि पिशव्या घेऊन पुन्हा जायचं. नकाशावरचा एक किलोमीटर पायांना तीन किलोमीटर पडतो. बाउंडरी वॉटर्समध्ये ही लांबी रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढा. ८० रॉडची पोर्टेज म्हणजे ४०० मीटर, दोन खेपांत १,२०० मीटर चालणं. नकाशावर नुसता आकडा दिसला तर तो मीटरचा की रॉडचा हे आधी पाहा, कारण त्यात पाचपटीचा फरक आहे.

याशिवाय खळाळ आणि धबधबे, मुक्कामाच्या ठरवून दिलेल्या जागा, बेटं आणि काठाची वळणं लागतात. समोच्च रेषा असल्या तर उत्तम, पोर्टेजवर किती चढ आहे ते त्यांवरून कळतं.

३. नकाशे येतात कुठून?

मूळ साठा सरकारी आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय भूपत्रक मालिकेत १:५०,००० प्रमाणाची सुमारे १३,००० पत्रकं आहेत. त्यांचे क्रमांक विचित्र वाटतात, पण एकदा समजले की फार सोपे. कनू लेक हे अल्गोन्क्विनमधलं प्रसिद्ध सुरुवातीचं तळं ‘३१ ई/१०’ या पत्रकात येतं. ३१ हा मोठा चौकोन, ४४ ते ४८ उत्तर अक्षांश आणि ७२ ते ८० पश्चिम रेखांशांमधला. त्याचे ए ते पी असे सोळा भाग, त्यातला ई आपला. ई चे पुन्हा सोळा तुकडे, त्यातला दहावा आपला. क्रमांकन आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतं आणि नांगरटीसारखं एका ओळीत इकडून तिकडे, पुढच्या ओळीत तिकडून इकडे जातं. तुमचा मार्ग कोणत्या पत्रकांतून जातो हे आधी कागदावर लिहून काढलं की शोध निम्मा संपतो.

हीच माहिती कॅनव्हेक या नावाने रेषा आणि बिंदूंच्या रूपात सरकारने विनामूल्य खुली केली आहे. हौशी लोकांनी असल्या सरकारी माहितीवरून गार्मिन कंपनीच्या जीपीएस यंत्रांसाठी नकाशे बनवले. आयबिकस टोपो हा त्यातला एक, एकेकाळी कॅनडातल्या कनूवाल्यांमध्ये फार चालायचा. अमेरिकेच्या बाजूला भूगर्भ सर्वेक्षण विभागाची १:२४,००० प्रमाणाची पत्रकं फुकट मिळतात आणि जीपीएस फाइल डेपो या संकेतस्थळावर गार्मिनसाठी तयार केलेले नकाशे राज्यवार सापडतात.

दुसरा झरा ओपनस्ट्रीटमॅपचा. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा प्रकल्प जगभरचे स्वयंसेवक चालवतात. त्यातून गार्मिनसाठी तयार नकाशा देणाऱ्या अनेक सेवा आहेत: नकाशावर चौकोन आखायचा, प्रकार निवडायचा आणि फाइल उतरवून घ्यायची. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पोर्टेजसाठी वेगळी खूण करण्याची सोय आहे, पण गार्मिनसाठी फाइल बनवताना बरेचदा ती साध्या पायवाटेत विरघळते. शिवाय एखाद्या भागात स्वयंसेवक फिरकलाच नसेल तर तिथे पोर्टेज नाही, असलीच तर अर्धवट. सरकारी पत्रकांची गोष्ट उलटी: काठाची रेषा भरवशाची, पण पोर्टेजची नोंद जुनी किंवा गायब.

मग पोर्टेज नीट कुठे सापडतात? उद्यानांच्या कनूमार्गांच्या खास नकाशांत. अल्गोन्क्विनचा अधिकृत कनूमार्ग नकाशा उद्यानाला मदत करणारी तिथली मित्रसंस्था छापते. बाउंडरी वॉटर्ससाठी फिशर आणि मॅकेन्झी यांचे पाण्यात न भिजणारे नकाशे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. हे नकाशे त्याच पाण्यावर वल्हवणाऱ्यांसाठी बनलेले असल्यामुळे पोर्टेजच्या बाबतीत मी यांचा शब्द प्रमाण मानतो. यंत्रात तळ्यांसाठी सरकारी माहितीवरचा नकाशा भरावा आणि पोर्टेजची टोकं कनूमार्ग नकाशावरून पाहून आपल्या हातांनी खुणांच्या रूपात घालावीत. कंटाळवाणं काम आहे, पण एका संध्याकाळचं आहे, आणि ते करताना सगळा मार्ग डोक्यात बसतो तो फायदा वेगळाच.

४. रेषांचा नकाशा आणि चित्राचा नकाशा

फाइल उतरवण्याआधी एक भेद समजून घ्यावा लागतो. रेषांच्या नकाशात प्रत्येक काठ, ओढा आणि वाट बिंदूंची मालिका म्हणून साठवलेली असते. यंत्र तो दर वेळी नव्याने काढतं, म्हणून कितीही जवळ गेलं तरी रेषा ठसठशीत राहते आणि तळ्याचं नाव शोधता येतं. फाइलही लहान असते. गार्मिनमध्ये अशा फाइलच्या नावाला आयएमजी हे शेपूट असतं.

चित्राचा नकाशा म्हणजे कागदी नकाशाचा स्कॅन, त्याच्या कोपऱ्यांना अक्षांश-रेखांश बांधलेले. जवळ गेलं की तो धूसर होतो आणि त्यातलं काही शोधता येत नाही. पण कागदावर छापलेली प्रत्येक बारीक टीप जशीच्या तशी दिसते, पोर्टेजची लांबीसुद्धा. गार्मिनसाठी असा नकाशा केएमझेड फाइलमध्ये बांधतात. गूगल अर्थमध्ये चित्र जमिनीवर ताणून बसवलं की ती तयार होते.

इथे एक मर्यादा आड येते. चित्र १,०२४ बाय १,०२४ ठिपक्यांच्या तुकड्यांत विभागावं लागतं आणि बऱ्याच मॉडेलांत असे १०० तुकडेच चालतात, काही नव्यांत ५००. मोठं चित्र न तोडता दिलं तर यंत्र ते आकसून घेतं आणि अक्षरं वाचता येत नाहीत. हिशेब करून पाहू. एका ठिपक्याला ५ मीटर धरले तर एक तुकडा ५.१२ किलोमीटर लांब-रुंद. आपलं ३१ ई/१० हे पत्रक दक्षिणोत्तर सुमारे २८ किलोमीटर आणि पूर्वपश्चिम सुमारे ३९ किलोमीटर भरतं. म्हणजे उभे ६ आणि आडवे ८, एकूण ४८ तुकडे. जुन्या यंत्रात अशी दोनच पत्रकं मावतील. म्हणून पूर्ण पत्रक न घेता आपल्या मार्गाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा कापून घ्यावा.

५. फाइल यंत्रात घालणं

हातातल्या गार्मिनला यूएसबी तारेने संगणकाशी जोडलं की तो पेन ड्राइव्हसारखा उघडतो. आयएमजी फाइल त्यातल्या ‘गार्मिन’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. यंत्रात मायक्रोएसडी कार्डाची सोय असेल तर कार्डावर त्याच नावाचं फोल्डर करून तिथे ठेवलेलं बरं, कारण नकाशाने यंत्र अडखळलं तर कार्ड काढून टाकता येतं. केएमझेड फाइलची जागा गार्मिन फोल्डरच्या आतलं ‘कस्टममॅप्स’ हे फोल्डर. नंतर संगणकाला ‘इजेक्ट’ सांगूनच तार काढायची. अर्धवट उतरलेली फाइल नंतर फार छळते.

काही नकाशे संगणकावर बसवण्याच्या रूपात मिळतात. ते आधी बेसकॅम्प या गार्मिनच्या विनामूल्य प्रोग्राममध्ये उघडतात, मग हवा तेवढा भाग निवडून यंत्रात पाठवतात.

पुढे यंत्रावर सेटअपमधल्या मॅपच्या पानावर जाऊन नवा नकाशा चालू केलेला आहे का ते पाहायचं. बहुतेक तक्रारी या पानावरच मिटतात. नकाशा यादीतच नसेल तर जुन्या मॉडेलांत फाइलच्या नावाची शंका घ्यावी: त्यांना ‘जीमॅपसप’ हे एकच नाव कळतं, म्हणून दुसरा नकाशा त्याच नावाने ठेवला की पहिला पुसला जातो. नव्या यंत्रांना कुठलंही नाव चालतं. कार्ड एफएटी३२ पद्धतीने तयार केलेलं हवं, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही.

नकाशा यादीत आहे पण दिसत नाही, असं झालं तर बहुधा दोन तपशीलवार नकाशे एकाच वेळी चालू आहेत आणि एकाने दुसऱ्याला झाकलंय. एक बंद करून पाहा. विकतचा नकाशा मात्र वेगळ्या कारणाने नाकारला जातो: तो बहुधा एका यंत्राला किंवा एका कार्डाला जखडलेला असतो, मित्राकडून फाइल घेऊन उपयोग होत नाही.

६. आकड्यांचे दोन सापळे

पोर्टेजची टोकं हाताने भरायची म्हटल्यावर आकडे आले, आणि आकड्यांत माणसं जेवढी फसतात तेवढी तळ्यात फसत नाहीत.

पहिला सापळा लिहिण्याच्या पद्धतीचा. कनू लेकच्या काठाचा अक्षांश ४५ अंश ३२.१ मिनिटं असा लिहिला जातो. एका अंशात ६० मिनिटं, म्हणून ३२.१ ला ६० ने भागलं की ०.५३५, म्हणजे दशांशात ४५.५३५ अंश. आता कुणी घाईत ४५.३२१ असं भरलं तर फरक ०.२१४ अंशांचा. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, म्हणजे खूण जवळपास २४ किलोमीटर दक्षिणेला पडली. आकडे भरण्याआधी यंत्रातली पद्धत आणि नकाशातली पद्धत एकच आहे ना, एवढं तपासायचं.

दुसरा सापळा डेटमचा. पृथ्वी पूर्ण गोल नाही. तिचा कोणता आकार धरायचा आणि मोजणी कुठून सुरू करायची, याच्या ठरलेल्या करारांना डेटम म्हणतात. जुनी कॅनेडियन पत्रकं १९२७ च्या उत्तर अमेरिकी डेटमवर आहेत, नवी १९८३ च्या. जीपीएस ज्या डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर चालतो तो कनूवाल्यापुरता १९८३ वाल्यासारखाच. पत्रकावर एक किलोमीटरच्या चौकटी असतात, त्यांना यूटीएम म्हणतात. जुन्या पत्रकाच्या चौकटीवरून मोजलेले आकडे डेटम न बदलता यंत्रात घातले तर खूण सुमारे २०० मीटर सरकते. चिंचोळ्या तळ्यात २०० मीटर म्हणजे पलीकडचा काठ. पत्रकाच्या समासात १९२७ किंवा १९८३ असं छापलेलं असतं, ते वाचून यंत्राच्या सेटिंगमध्ये तोच डेटम निवडायचा, आकडे भरायचे आणि मग पुन्हा डब्ल्यूजीएस ८४ वर यायचं.

७. घरच्या टेबलावर एक सहल

नकाशा भरल्यावर तो प्रथम तळ्यावर उघडणं हा आळस आहे. आपण कनू लेकपासून टॉम थॉमसन लेकपर्यंतचा मार्ग घरीच चालवून पाहू. थॉमसन हा कॅनडाचा मोठा चित्रकार. १९१७ च्या जुलैमध्ये तो याच कनू लेकवर कनू घेऊन निघाला आणि काही दिवसांनी त्याचं प्रेत पाण्यात सापडलं. त्या मृत्यूवर तिथे अजूनही वाद घालतात.

यंत्र घरात चालू करून नकाशा बोटांनी सरकवत कनू लेकपर्यंत न्या. उत्तर टोकाला धरण आहे, त्याला वळसा घालणारी २९५ मीटरची पोर्टेज जो लेकमध्ये उतरते. ती तुमच्या नकाशात दिसते का? दोन्ही टोकं पाण्याला टेकतात का? वाट मध्येच झाडीत संपत असेल तर तो नकाशा पोर्टेजसाठी धरू नका. मग टीपी लेक, लिटलडो लेक आणि टॉम थॉमसन लेक अशी नावं येतात का ते पाहा. प्रत्येक पोर्टेजच्या टोकाला खूण करा आणि नावातच लांबी घाला, ‘पी २९५’ अशी. वल्हं हातात असताना यादी उघडून वाचायला सवड नसते.

या खुणा जोडून मार्ग बनवताना यंत्राला ‘थेट’ जायला सांगा. नाहीतर ते रस्ते शोधू लागतं आणि तळ्यावरच्या माणसाला महामार्ग ६० वर नेऊन सोडतं. थेट मार्गालाही खोड आहे: दोन खुणांमधली रेषा सरळ जमिनीवरून जाते. जिथे काठ वळतो तिथे एक जादा खूण पाण्यात टाकली की अंतराचा हिशेबही खरा येतो.

नद्यांच्या बाबतीत माझं मत कडक आहे. धबधब्यावरच्या पोर्टेजच्या टोकाआधी, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, वेगळी धोक्याची खूण करावी आणि ती आली की पडदा बंद करून डोळे आणि कान वापरावेत. कारण असं: १:५०,००० च्या पत्रकावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. यंत्र तुमची जागा पाच मीटरपर्यंत अचूक सांगत असलं तरी धबधब्याचं चिन्ह नकाशावर तेवढं अचूक नाही. त्यात पाण्याची पातळी दर मोसमाला बदलते आणि बीव्हर नावाचा प्राणी कुणाला न विचारता ओढ्यांवर बांध घालतो.

बाकी गोष्टी थोडक्यात. एए बॅटऱ्यांवर चालणारं यंत्र जंगलात सोयीचं. थंडीत लिथियमच्या बॅटऱ्या जास्त टिकतात. आयपीएक्स ७ लिहिलेलं यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतं, पण तेवढ्यात ते तळाशी गेलेलं असतं, म्हणून दोरीने कनूला बांधा. फोनवरचे नकाशे दिसायला सुंदर आणि भरायला सोपे आहेत, मात्र ओल्या बोटांनी पडदा चालत नाही. आणि कागदी कनूमार्ग नकाशा व होकायंत्र सोबत हवंच. अडीच इंचाच्या पडद्यावर दिवसभराचा मार्ग एकसंध दिसत नाही.

८. हेच यंत्र महाराष्ट्रात आणलं तर

वर सांगितलेली रीत सह्याद्रीतही जशीच्या तशी चालते. ओपनस्ट्रीटमॅपवरून महाराष्ट्राचा चौकोन आखून आयएमजी फाइल घ्या, गार्मिन फोल्डरमध्ये टाका आणि निघण्याआधी तुमच्या गडाची वाट नकाशात आहे का ते तपासा. पण यंत्र घेताना एक गोष्ट पाहून घ्या. गार्मिनच्या काही मॉडेलांत उपग्रहामार्फत संदेश पाठवण्याची इनरीच ही सोय असते. कॅनडाच्या जंगलात ती जीव वाचवते. भारतात मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह-संपर्काचं यंत्र बाळगणं बेकायदा आहे आणि त्यापायी विमानतळांवर परदेशी प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. कॅनडाहून सुट्टीवर घरी येताना इनरीच असलेलं यंत्र तिकडेच ठेवा. नुसत्या जीपीएसला ही अडचण नाही.